दात काढला त्याच खड्ड्यात इम्प्लांट: निमुळता घ्यावा की सरळ?

चोपडेकर | १४ डिसेंबर, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही दुखऱ्या तोंडाने.

मागच्या रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सगळं साग्रसंगीत. भरतात दात मोडला असं सांगितलं तर लोक हसतात, पण भरतातल्या शेंगदाण्यांबरोबर खडा आला आणि कट्‌कन आवाज झाला. वरची डावी दुसरी उपदाढ. सहा वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनाल झालं होतं. कॅप बसवायची राहून गेली. खरं सांगायचं तर राहून गेली नाही, कॅपचे पैसे ठिबकच्या नळ्यांना गेले.

आता दात हिरडीच्या खाली तिरका तुटलाय, वाचण्यासारखा नाही यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत. पुढे मात्र दोघांच्या दोन तऱ्हा. जळगावचे म्हणतात, दात काढू आणि त्याच बैठकीत त्याच खड्ड्यात निमुळता इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर पुढे दात चढवतात) टाकू. धुळ्याचे म्हणतात, दात काढा, तीन महिने थांबा, हाड भरून आलं की सरळ बॉडीचा टाकू, घाई करू नका. दोघंही शिकलेले. ज्याच्या खुर्चीत बसतो त्याचं पटतं.

मला तो आकाराचा मुद्दाच कळत नाहीये. स्क्रू तो स्क्रू. निमुळता असला काय नि सरळ असला काय, हाडात बसला म्हणजे झालं ना? कोणी नीट समजावून सांगेल का?

वय ५२. शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.१. तंबाखू सोडली आहे असं घरी सांगितलंय.

शेवभाजी_तिखट | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

भाऊ, तुमना दात तुटना, मना तर औंदा बोर फेल गया. दोन्ही भोकंच शेतस, पैसा तेवढाच जास. 😀

गंमत सोडा, काळजी घ्या. त्या तंबाखूचं तेवढं बघा.

लेथमास्तर | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

एमआयडीसीत तीस वर्षं आटे पाडतोय, म्हणून दोन शब्द. दातांचं मला कळत नाही, आट्यांचं कळतं.

चोपडेकर, तुमच्या पंपाचा जीआय पाइप आठवा. त्याचे आटे सरळ नसतात, १६ ला १ असा उतार असतो. सुतळी आणि सफेदा लावून पाइप फिरवत गेलात की सुरुवातीला हाताने सहज जातो, मग पान्हा लागतो, शेवटच्या दोन फेऱ्यांत अंगातलं पाणी निघतं. का? प्रत्येक फेऱ्याला पाइपचा आधीपेक्षा जाड भाग सॉकेटात येतो. ती पाचरच झाली. सरळ आट्याच्या बोल्टला ती गंमत नाही. तो पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत सारखाच जातो, डोकं टेकल्यावरच आवळतो.

माझ्या मते निमुळता कधीही भारी. डोळे झाकून घ्या.

जंक्शनवाली | १५ डिसेंबर, सकाळी ७:२०

मास्तर, डोळे झाकून काहीही घेऊ नका असं सांगायलाच लिहितेय.

माझी वरची दाढ काढून त्याच दिवशी इम्प्लांट टाकला होता. निमुळताच होता, बाहेरच्या कंपनीचा. त्याच आठवड्यात वर तात्पुरता दातही चढवून दिला. मी खूश, चारचौघांत तोंड उघडून हसायला मोकळी. पाचव्या आठवड्यात भाकरी चावताना काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. आरशात बघून बोटाने हलवला तर खरंच हलत होता. ज्यांनी टाकला त्यांनी चिमट्याने काढून हातात ठेवला, धुतलेल्या खिळ्यासारखा स्वच्छ. "शरीराने स्वीकारला नाही" म्हणाले. माझ्या शरीरावर ढकलून मोकळे!

चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे त्याच जागी पुन्हा टाकला. तो सरळ बॉडीचा आहे. तीन वर्षं झाली, ज्वारीची भाकरी रोज खाते.

त्यामुळे आकाराचं मला काही सांगू नका.

दंतू_शिरपूर | १५ डिसेंबर, दुपारी २:१५

मी दंतवैद्य आहे, शिरपूरला. दुपारी पेशंट कमी असतात, म्हणून सविस्तर लिहितो. (कोणाच्याही एक्स-रेवर इथे मत देणार नाही, फोटो पाठवू नका.)

लेथमास्तरांचं पाइपचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार. पण जंक्शनवाली ताईंचा अनुभवही खरा आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आधी खड्डा समजून घ्या. दात काढल्यावर हाडात जी जागा राहते ती वरून रुंद, खाली निमुळती. उपदाढेचा इम्प्लांट साधारण चार मिलिमीटर जाड, खड्ड्याचं तोंड त्याहून मोठं. म्हणजे ताज्या खड्ड्यात इम्प्लांटचा वरचा बराचसा भाग हाडाला टेकतच नाही, भोवती मोकळी फट राहते. मग पकड कुठून? खड्ड्याच्या तळाच्या पलीकडे जे शाबूत हाड आहे त्यात टोक तीन-चार मिलिमीटर घुसवतात, तिथून. थोडी टाळूकडच्या भिंतीतून. सगळा भार त्या शेवटच्या तीन-चार मिलिमीटरवर.

शेतकऱ्याला सांगायचं तर खुंटा. बैलाचा खुंटा टोकाकडे तासतात. काळ्या मातीत आधी पहारीने लहान भोक पाडतात आणि मग त्यात जाड खुंटा ठोकतात. माती बाजूला दाबली जाते आणि ती दाबलेली मातीच त्याला धरते. निमुळता इम्प्लांट तेच करतो. ड्रिलने भोक थोडं बारीक ठेवायचं, इम्प्लांट फिरत आत जाताना मऊ हाड बाजूला दाबत जातो. वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूचं हाड मऊ असतं. लेखोल्म आणि झार्ब यांनी १९८५ मध्ये हाडाचे चार प्रकार पाडले, त्यात खालच्या पुढच्या दातांजवळ सहसा घट्ट हाड सापडतं आणि वर मागे सहसा पाव-बिस्किटासारखं जाळीदार. अशा हाडात आणि ताज्या खड्ड्यात निमुळत्याला पहिल्या दिवशी पकड जास्त मिळते. आटे खोल आणि विरळ असतील तर आणखी.

आता उलट बाजू. घट्ट हाडात तीच पाचर घातक. हाड दबायला जागा नसते, प्रमाणाबाहेर ताण येतो, रक्तपुरवठा तुटतो आणि इम्प्लांटच्या गळ्याशी हाड मरतं. तिथे भोक पुरेसं मोठं करावं लागतं, कधी आधी टॅप फिरवून आटे पाडून घ्यावे लागतात.

दुसरी एक गोष्ट मास्तरांना लगेच कळेल. निमुळता जरा खोल गेला म्हणून अर्धा फेरा मागे घेतला की पकड एकदम जाते. सरळ बॉडीचा मागेपुढे केला तरी पकड फारशी बदलत नाही. त्यामुळे निमुळत्यात डॉक्टरचा हात आणि खोलीचा हिशेब पहिल्याच वेळी बरोबर असावा लागतो.

उरलेलं रात्री लिहितो, पेशंट आलाय.

लेथमास्तर | १५ डिसेंबर, दुपारी २:५०

बरोब्बर! टेपर फिटिंग अर्धा फेरा मागे घेतलं की गळती सुरू. "डोळे झाकून" हे शब्द मागे घेतो. अर्धा फेरा.

आट्यांचा आकारही बदलतो का? व्ही, चौकोनी, बट्रेस, असं काही?

ट्रॅकमन_निवृत्त | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

भुसावळ डिव्हिजनला नोकरी झाली. लाकडी स्लीपर होते तेव्हा खिळ्याचं भोक सैल झालं की त्यात लाकडाची खुंटी ठोकायची आणि नव्याने खिळा मारायचा. दातांत तसं करता येतं का? फटीत हाडाची पावडर भरतात म्हणे.

दंतू_शिरपूर | १५ डिसेंबर, रात्री १०:२०

मास्तर, हो. व्ही, चौकोनी, बट्रेस, उलटा बट्रेस, सगळे मिळतात. एकाच इम्प्लांटवर गळ्याशी बारीक आटे आणि टोकाकडे खोल आटे असंही असतं.

ट्रॅकमन काका, प्रश्न फार चांगला आहे, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. फटीत हाडाची पावडर भरतात हे खरं. फट दोन मिलिमीटरच्या आत असेल तर ती बरेचदा नुसत्या रक्ताच्या गुठळीतूनही हाडाने भरून येते. पण पावडर ही तुमची लाकडी खुंटी नव्हे. तिने त्या दिवशी पकड एक टक्काही वाढत नाही. ती पुढच्या काही महिन्यांसाठी आहे. इम्प्लांट सैल बसला आणि भोवती पावडर दाबून भरली म्हणून तो घट्ट झाला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता जंक्शनवाली ताईंचं काय झालं असावं. इम्प्लांटची घट्टी दोन तऱ्हेची असते. पहिली यांत्रिक, खुंट्याची. ती टाकल्याच्या क्षणी सर्वात जास्त असते आणि तिथून रोज कमी होत जाते, कारण दाबलेलं जुनं हाड पेशी हळूहळू खाऊन टाकतात. दुसरी जैविक: नवं हाड टायटॅनियमला येऊन चिकटतं. ती शून्यापासून सुरू होते. पहिली उतरतेय आणि दुसरी अजून पुरेशी चढलेली नाही, असा खाचखळगा साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास येतो. तेव्हा त्याच्यावर चावण्याचा भार आला आणि तो हाडात सतत हलत राहिला (ढोबळ मर्यादा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जाडसर केसाएवढी) तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो. तो थर काही धरून ठेवत नाही. ताई, तुमचा इम्प्लांट धुतल्यासारखा निघाला तो त्यामुळे. दुखलंही नाही, ते त्यामुळेच.

म्हणजे आकार चुकला असं नाही. वरच्या दाढेच्या मऊ हाडात, मुळांच्या तीन खड्ड्यांमधल्या पातळ भिंतीवर टेकवलेला इम्प्लांट, त्यावर आठवड्यात दात. निमुळता आकार पहिल्या दिवसाची पकड वाढवतो, तो खळगा बुजवत नाही.

हाड टायटॅनियमला चिकटतं हे सापडलं कसं, तेही अवांतर म्हणून सांगतो. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमची डबी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर डबी काढायला गेले तर ती हाडातून निघेना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. ते सरळ बॉडीचे स्क्रू होते आणि त्यांची पद्धत सबुरीची: खालच्या जबड्यात तीन महिने, वर सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवायचे, मगच दात. इतकं थांबायचं असेल तर पहिल्या दिवसाची पकड थोडी कमी-जास्त झाली तरी निभतं. आकाराची एवढी चर्चा वाढली ती पुढे, दात काढल्याबरोबर टाकायची आणि लवकर दात चढवायची घाई आली तेव्हा.

तापीकाठ | १६ डिसेंबर, सकाळी ८:१०

डॉक्टर, मग काढलेल्या मुळाच्या आकाराचाच इम्प्लांट करून टाकला तर खड्डा पूर्ण भरणार नाही का? हल्ली काहीही प्रिंट करता येतं.

दंतू_शिरपूर | १६ डिसेंबर, सकाळी ८:४५

सुचतं सगळ्यांना, प्रयत्नही झालेत. मुळाच्या आकाराचा गुळगुळीत तुकडा खड्ड्यात बसतो, पण धरायला आटे नाहीत आणि खड्ड्यापलीकडे घुसणारं टोक नाही. शिवाय खड्ड्याची गालाकडची भिंत बरेचदा एक मिलिमीटरपेक्षा पातळ. तिच्यावर दाब दिला तर तीच जाते. म्हणून निमुळता इम्प्लांटसुद्धा खड्ड्याच्या मधोमध टाकत नाहीत, टाळूकडे सरकवून टाकतात आणि गालाकडे फट मुद्दाम ठेवतात. सत्तरच्या दशकात जर्मनीत ट्युबिंगेनला ताज्या खड्ड्यात टाकायचे सिरॅमिकचे इम्प्लांट केले होते, टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणारे. कल्पना जुनी आहे.

आणखी एक गैरसमज. लगेच इम्प्लांट टाकला की हाड झिजत नाही, असं सांगतात. २००५ मध्ये आराउजो आणि लिंडे यांच्या गटाने कुत्र्यांवर दाखवलं की इम्प्लांट टाकला तरी गालाकडची भिंत झिजतेच. ती भिंत दातामुळे जिवंत होती, दात गेला की ती जाणार.

चोपडेकर | १६ डिसेंबर, रात्री ९:१५

वाचून डोकं गरगरलं, पण पहिल्यांदाच काहीतरी कळलं. मग धुळ्याचे चूक की जळगावचे?

दंतू_शिरपूर | १६ डिसेंबर, रात्री ९:५०

दोघंही बरोबर असू शकतात. तीन महिने थांबून भरलेल्या हाडात टाकायचा तर खड्डाच राहत नाही, मग सरळ बॉडीचाही छान बसतो आणि धुळ्याच्या डॉक्टरांची निवड योग्य. ताज्या खड्ड्यात टाकायचा तर निमुळता बरा, आणि जळगावच्यांची निवड योग्य. आकार वेळेमागून ठरतो. वर्षभराच्या पुढे पाहिलं तर दोन्ही आकारांच्या टिकण्यात फारसा फरक दिसत नाही.

खरा प्रश्न हा की तुमचा खड्डा लगेच टाकण्याच्या लायकीचा आहे का. जळगावला जाल तेव्हा विचारा: मुळाच्या टोकापलीकडे किती हाड आहे? तुमच्या त्या दाताच्या वर सायनसची पोकळी असते, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढल्याशिवाय हे कळणार नाही. दात काढल्यावर गालाकडची भिंत फुटलेली निघाली तर तुम्ही काय कराल? आणि पुरेशी घट्टी आली नाही तर थांबाल का? शेवटच्या प्रश्नावर "येईलच हो" असं उत्तर आलं तर धुळ्याला जा.

शुगर ७.१ चालेल, वाढू देऊ नका. तंबाखूचं तुमच्या घरच्यांनी वाचलं तर?

शेवभाजी_तिखट | १६ डिसेंबर, रात्री १०:००

माले आट्यासनं काही समजनं नही, पन खुंटानी गोट पटनी.

गिरणाकाठची | १७ डिसेंबर, सकाळी ११:३०

एक साधा प्रश्न. शेजारचे दोन दात घासून ब्रिज केला तर हे सगळं टळत नाही का? आमच्या सासूबाईंचा ब्रिज पंधरा वर्षं चाललाय. इम्प्लांटचे ३०-४० हजार सांगतात.

दंतू_शिरपूर | १७ डिसेंबर, दुपारी २:४०

ताई, टळतं. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील किंवा ते मोठे भरलेले असतील तर ब्रिज उत्तम. चांगले, न किडलेले दात घासावे लागत असतील तर मला जिवावर येतं.

चोपडेकर | २३ डिसेंबर, सकाळी १०:१०

काल झालं. तोंडात कापूस आहे पण हात मोकळे आहेत, म्हणून लिहितो.

स्कॅनमध्ये टोकापलीकडे साडेपाच मिलिमीटर हाड निघालं, वर सायनस. मी तिन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, वाचला आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आमच्याकडे एक लेथवाले आहेत. हसले. मग म्हणाले, भिंत फुटलेली निघाली किंवा टॉर्क (इम्प्लांट आवळताना लागणारा जोर) ३५ च्या खाली राहिला तर लगेचचा बेत बदलणार, तेव्हा रागवायचं नाही. तिथेच मी जळगाव पक्कं केलं.

दात काढायला चाळीस मिनिटं लागली. पक्कड लावून ओढला नाही. बारीक पात्यासारखं हत्यार मूळ आणि हाडाच्या मधे सरकवत, थोडं थोडं हलवत, शेवटी दोन तुकडे करून काढला. मी मनात म्हणतोय, आमच्या गावच्या वैदूने दोन मिनिटांत उपटला असता. नंतर कळलं की त्या चाळीस मिनिटांत ती पातळ भिंत वाचवत होते. मग बोथट सळईने खड्ड्याची भिंत चाचपली आणि असिस्टंटला म्हणाले, "शाबूत आहे."

ड्रिल चालू असताना सलाइनचं पाणी एकसारखं सोडत होते. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तर मरतं म्हणाले. मग इम्प्लांट. सुरुवातीला मशीनने, शेवटी हाताच्या रॅचेटने. मास्तर, तुमचा पाइपच हो! आधी काहीच कळलं नाही, आणि शेवटच्या दोन-तीन टिकटिकींना डोक्याच्या कवटीपर्यंत दाब जाणवला. दुखत नव्हतं, पण काहीतरी ठाम बसतंय हे कळत होतं.

टॉर्क ४०. मग त्याच्यावर एक छोटी खुंटी फिरवून मशीन जवळ नेलं, टुंग असा आवाज आला, आकडा ६६. गालाकडच्या फटीत पावडर भरली, वर बुटकी टोपी लावली. दात नाही. तिकडून चावायचं नाही, पातळ खायचं.

काढलेल्या मुळाचे तुकडे मागून घेतलेत. मास्तरांना दाखवायचेत.

लेथमास्तर | २३ डिसेंबर, सकाळी १०:३०

या चहाला. कॅलिपर तयार ठेवतो. तो ६६ म्हणजे काय?

दंतू_शिरपूर | २३ डिसेंबर, दुपारी २:२०

अभिनंदन चोपडेकर. चांगल्या हातात पडलात.

मास्तर, घणाने टायरॉड ठोकून आवाजावरून सैल-घट्ट ओळखतात, तसं. त्या खुंटीला चुंबकाने थरथरवतात आणि ती कोणत्या वारंवारतेला कंप पावते ते मोजतात. जितकं घट्ट तितकी वारंवारता जास्त. ती १ ते १०० अशा आकड्यात सांगतात. साठच्या खाली कमी, सत्तरच्या वर उत्तम, मधला ठीक. ६६ म्हणजे दात न चढवता थांबलं हे योग्य केलं.

जंक्शनवाली | २३ डिसेंबर, रात्री ८:००

मला कोणी आकडा सांगितला नव्हता. मीही विचारला नव्हता.

चोपडेकर | २१ जानेवारी, रात्री ११:१५

मंडळी, झोप उडालीय. आज तपासणीला गेलो तर आकडा ५९! ६६ वरून ५९. डॉक्टर म्हणाले काळजी नाही, पण त्यांना तसं म्हणावंच लागणार ना. दुखत नाही, सूज नाही. ताईंचंही दुखत नव्हतं हे आठवून पोटात गोळा आला. जिभेने सारखं ढकलून बघतोय.

दंतू_शिरपूर | २२ जानेवारी, सकाळी ७:४०

आधी जीभ आवरा.

आज किती दिवस झाले? ३१. तो खळगा तुमच्या कॅलेंडरवर ठरल्या वेळी आलाय. निमुळत्याची सुरुवातीची पकड दाबलेल्या हाडाची होती, ते हाड आता बदलतंय, म्हणून आकडा उतरणारच. खरं तर आज मोजायची गरजही नव्हती, मी असतो तर टोपी उघडलीच नसती. लाली, पू, बोटाला जाणवणारी हालचाल यांतलं काही असेल तर लगेच जा. नसेल तर पातळ खा आणि मार्चपर्यंत मला त्रास देऊ नका. 😀

लेथमास्तर | २२ जानेवारी, सकाळी ९:००

चोपडेकरांच्या मुळाचे तुकडे जुळवून मोजले. तोंडाशी गालाकडून टाळूकडे ८.१ मिलिमीटर, दुसरीकडून ४.९. म्हणजे गोल नाहीच, लांबट. गोल इम्प्लांट लांबट खड्ड्यात. फट कुठे आणि का राहते ते एका मिनिटात कळलं. डॉक्टर शब्दांत सांगत होते, ते आज कॅलिपरवर दिसलं.

शेवभाजी_तिखट | २२ जानेवारी, सकाळी ९:२०

चहासोबत दुसऱ्याचा दात मोजणारा माणूस जळगावातच सापडणार.

ट्रॅकमन_निवृत्त | २२ जानेवारी, दुपारी १२:०५

नव्या स्लीपरवर गाडी पहिल्यांदा कमी वेगाने काढायचो. महिना-दोन महिने खडी बसू द्यायची, मग वेग वाढवायचा. चोपडेकर, तुमच्या सेक्शनवर सध्या वेगमर्यादा आहे समजा.

चोपडेकर | ११ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

आकडा ७४. हिरडी गुलाबी आहे, हाड एक्स-रेत आट्यांपर्यंत आलेलं दिसतंय. आज ॲबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा तुकडा) आवळून वर कॅप बसवली. चावताना कागद ठेवून दोनदा घासून घेतली, थोडी उंच लागत होती.

घरी आलो तर बायकोने मुद्दाम कळण्याची भाकरी टाकली होती. डावीकडून खाल्ली. तिने धागाही वाचलाय, १४ डिसेंबरच्या पोस्टच्या शेवटच्या ओळीसकट. डबी त्याच रात्री तिच्या ताब्यात गेली होती, इतकंच सांगतो.

लेथमास्तर | ११ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

ॲबटमेंटच्या स्क्रूला टॉर्क किती लावला?

चोपडेकर | ११ एप्रिल, संध्याकाळी ७:४७

३०. तुम्ही विचारणार म्हणून खुर्चीतून उठायच्या आधीच विचारून घेतलं.